वेशीबाहेरची वाट

बंगळूर शहराच्या जुन्या पेठेत ‘हलसूर गेट’ ह्या नावाचे पोलीस ठाणे आहे. वेस मात्र आज तेथे नाही. केंपेगौडाने १५३७ साली मातीचा कोट घालून ही पेठ वसविली, तेव्हा बाहेरगावांहून येणाऱ्या रस्त्यांवर तिला वेशी ठेविल्या होत्या, आणि हलसूरकडून येणारा रस्ता ज्या वेशीतून आत शिरे तिचे नाव तेवढे मागे उरले. पुढे शंभर वर्षांनी, १६३८ मध्ये, विजापूरकरांच्या फौजेने हे शहर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. मराठी माणसाचा ह्या पेठेशी ऋणानुबंध तेव्हापासूनचा आहे.

जुन्या काळच्या कोणत्याही पेठेच्या वेशीला दोन कामे असत. चोर-दरोडेखोरांना बाहेर ठेवणे हे एक, आणि आत येणाऱ्या मालावर जकात घेणे हे दुसरे. दोन्ही कामे एकाच ठिकाणी, बहुधा एकाच सत्तेच्या माणसांकडून होत असल्यामुळे एक अडचण नेहमीच उभी राही. अमुक एका व्यापाऱ्याला वेशीवर अडविले ते पेठेच्या रक्षणासाठी की जकातीसाठी, हे त्या व्यापाऱ्यालाही कळत नसे आणि पेठेतल्या गिऱ्हाइकालाही कळत नसे. ही अडचण वेशींबरोबर इतिहासजमा झाली, असे कोणास वाटेल. वस्तुतः ती आज प्रत्येकाच्या खिशात आहे.

खिशातला मोबाइल फोन ही आता एक पेठच झाली आहे. ॲप ह्या नावाने जो माल तिच्यात येतो त्यावर बँकेचे व्यवहार चालतात, रेल्वेची तिकिटे निघतात, शेतमालाचे भाव कळतात. अँड्रॉइड पद्धतीच्या फोनांसाठी गूगल कंपनीने ‘अँड्रॉइड मार्केट’ ह्या नावाने असा बाजार उघडला तो २२ ऑक्टोबर २००८ रोजी. ६ मार्च २०१२ रोजी त्याचे नामांतर झाले आणि ते ‘गूगल प्ले’ म्हणून सर्वतोमुखी झाले. ॲपल कंपनीने आपल्या आयफोनभोवती जो कोट बांधला त्याला आपल्या देशात एकच वेस आहे. अँड्रॉइडच्या कोटाला मात्र कर्त्यांनी प्रारंभापासून एक दिंडी ठेविली. ‘अनोळखी ठिकाणाहून’ आलेले ॲप बसवू द्यावे काय, असा प्रश्न फोनच्या सेटिंग्जमध्ये होता आणि त्याचे मूळ उत्तर ‘नको’ असे होते. परंतु ते बदलून ‘होय’ करण्याचा अधिकार फोनच्या मालकाला होता. ह्या दिंडीतून माल आत घेण्याच्या रीतीला ‘साइडलोडिंग’ असे म्हणतात. बंगळूरच्या अनेक उद्योगांचे भवितव्य गेल्या काही वर्षांत ह्या दिंडीशी बांधले गेले.

दुकानात न मिळणारा प्रोग्रॅम आडवाटेने मिळविण्याची परंपरा ह्या शहरात मोबाइलहून जुनी आहे. १९८९ साली अतुल चिटणीस यांनी बंगळूर येथे ‘सिक्स’ नावाचा बुलेटिन बोर्ड चालू केला. घरच्या टेलिफोनला मोडेम जोडावा, तिकडील संगणकाला फोन लावावा आणि तेथे ठेवलेले प्रोग्रॅम तारेवरून सावकाश उतरवून घ्यावेत, अशी ती व्यवस्था होती. १९९६ साली ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने आपल्या अंकासोबत लिनक्स प्रणालीची सीडी वाटली, त्या उपक्रमातही चिटणीसांचा मोठा वाटा होता. टेलिफोनवरून एवढा मोठा ऐवज उतरविणे ज्या काळात जवळजवळ अशक्य होते त्या काळात ती सीडी टपालाने गावोगावी पोहोचली, आणि २००१ पासून बंगळुरात भरू लागलेल्या लिनक्सच्या संमेलनांना येणाऱ्या तरुणांपैकी अनेकांची त्या प्रणालीशी पहिली ओळख अशा सीडींनीच करून दिली होती. हा व्यवहार चोरीचा नव्हता. माल देणाऱ्याचीच इच्छा तो हातोहात पसरावा अशी होती.

अँड्रॉइडच्या पहिल्या वर्षांत ही हातोहात देण्याची रीत पुन्हा दिसू लागली. जुन्या पेठेच्या परिसरातच सदर पत्रप्पा रस्ता आहे. सारे शहर त्याला ‘एस. पी. रोड’ म्हणून ओळखते, आणि मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड म्हटले की जे आठवते ते सारे तेथे आहे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर इंटरनेट स्वस्त झाले. तोवर शंभर मेगाबाइटचे ॲप उतरविणे सामान्य माणसाच्या खिशाला जड जाई. म्हणून गावोगावच्या मोबाइल दुकानांत मेमरी कार्ड भरून देण्याचा धंदा चाले. गाण्यांबरोबर ॲपही भरून मिळत. मित्र मित्राला ब्लूटूथने ॲप पाठवी. बाजार अधिकृत की अनधिकृत हा विचार त्यात कोणाच्याच मनात नसे. प्रश्न केवळ पैशाचा होता.

हे शक्य होते ह्याचे कारण अँड्रॉइड ॲपच्या घडणीत आहे. असे ॲप म्हणजे ‘एपीके’ नावाचे एक गाठोडे असते. प्रोग्रॅम, चित्रे आणि ‘मला कॅमेरा हवा, मला संदेश वाचावयाचे आहेत’ अशा परवानग्यांची यादी, एवढे सारे त्या एकाच गाठोड्यात बांधलेले असते. गाठोड्यावर त्याच्या कर्त्याची लाखेसारखी मुद्रा असते, तिला डिजिटल सही म्हणतात. एकदा बसविलेल्या ॲपची नवी आवृत्ती आली की फोन प्रथम मुद्रा जुळते काय ते पाहतो. न जुळल्यास नवी आवृत्ती जुनीच्या जागी बसवीत नाही. परंतु येथे एक मेख आहे. मुद्रा जुळली म्हणजे दोन्ही गाठोडी एकाच हाताने बांधलेली आहेत एवढे सिद्ध होते. तो हात सज्जनाचा आहे की चोराचा, हे मुद्रा सांगत नाही. ही मेख ध्यानात ठेविली म्हणजे पुढील सारा वाद समजतो.

एखादे ॲप अधिकृत बाजारात मिळत नाही ह्याची कारणे एकच नसतात. कधी तो बाजारच त्या देशापुरता अपुरा असतो. भारतातील कारागिराला आपले ॲप अँड्रॉइडच्या बाजारात दाम लावून विकण्याची सोय २०१२ साली झाली. तोवर त्याने ते फुकट द्यावे किंवा दुसरे दुकान शोधावे, अशी स्थिती होती. कधी कर्ताच तत्त्वासाठी त्या बाजारापासून दूर राहतो. २०१० साली निघालेले ‘एफ-ड्रॉइड’ हे भांडार केवळ मुक्त सॉफ्टवेअर ठेवते आणि बहुतेक ॲपे त्यांच्या उघड्या मूळ संहितेवरून स्वतः बांधून देते. कधी सरकारचीच मनाई असते. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली तेव्हा ती अधिकृत बाजारातून नाहीशी झाली. आणि कधी, हे सर्वांत वादग्रस्त कारण, बाजाराच्या मालकालाच तो माल नको असतो.

ह्या शेवटच्या कारणाचे ठळक उदाहरण बंगळूरचेच आहे. २०१८ साली ह्या शहरात ‘मोबाइल प्रीमिअर लीग’, म्हणजे एमपीएल, ही कंपनी निघाली. पैसे लावून खेळावयाचे खेळ हा तिचा व्यवसाय. असे खेळ भारतात आपल्या बाजारात ठेवावयाचे नाहीत, असे त्या वेळी गूगलचे धोरण होते. तेव्हा कंपनीने आपल्या संकेतस्थळावरच गाठोडे ठेविले. गिऱ्हाइकाने तेथे जावे, ते उतरवून घ्यावे आणि फोनची दिंडी उघडून आत बसवावे. मुंबईच्या ‘ड्रीम११’ची रीतही हीच होती. २०२० ची आयपीएल स्पर्धा ‘ड्रीम११’च्या नावाने झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस भारतीय क्रिकेट संघाच्या अंगावरील पोशाख एमपीएलचा झाला. ज्यांची नावे कोट्यवधी प्रेक्षक दररोज पाहत होते त्यांचे पैशांच्या खेळांचे ॲप राजरोस बाजारात मिळत नव्हते. इतके असूनही त्यांचा प्रसार थांबला नाही, आणि त्यामुळे वेशीबाहेरची वाट सामान्य माणसाच्या पायाखालची झाली.

ही वाट योग्य ठिकाणी नेत होती काय? कर्नाटक विधिमंडळाने २०२१ साली पोलीस कायद्यात दुरुस्ती करून पैशांच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीतील मुख्य कलमे घटनाबाह्य ठरविली. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात गूगलनेही फँटसी क्रीडा आणि रमी ह्यांच्या ॲपांना प्रयोगादाखल बाजारात जागा दिली. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांना देशभर बंदी घातली, आणि एमपीएल व ड्रीम११ ह्या दोघांनीही तो व्यवसाय थांबविला. पाच-सात वर्षांत एकच वस्तू प्रथम बाजाराला नको होती, नंतर राज्याला नको झाली, नंतर न्यायालयाने तिची वाट मोकळी केली, बाजाराने तिला आत घेतले आणि सरतेशेवटी देशाच्या कायद्याने तिला बाहेर काढले. बाजाराचा नियम आणि देशाचा कायदा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ह्या प्रकरणाइतके स्पष्ट क्वचितच दिसते. कायदा करणाऱ्यांना लोक निवडून देतात आणि त्यांच्यावर न्यायालय असते. बाजाराचा नियम करणाऱ्याला कोणी निवडून दिलेले नसते.

नेमका हाच प्रश्न २०२० च्या शरदात उघड्यावर आला. १८ सप्टेंबर रोजी गूगलने ‘पेटीएम’ हे पैसे देण्याघेण्याचे ॲप क्रिकेटशी निगडित एका कॅशबॅक योजनेमुळे आपल्या बाजारातून काढून टाकले. काही तासांतच ते परत आले. परंतु त्या काही तासांनी देशातील सगळ्या उद्योजकांना आपण कोणाच्या जागेत दुकान मांडले आहे ह्याची जाणीव करून दिली. दहा दिवसांनी गूगलने दुसरी घोषणा केली. डिजिटल माल विकणाऱ्या ॲपांनी पैसे गूगलच्याच व्यवस्थेतून घेतले पाहिजेत, हा नियम ती ह्यापुढे कडकपणे लावणार होती. आणि त्या व्यवस्थेत दर शंभर रुपयांमागे तीस रुपये कंपनीचे होते. नवउद्योगांचे माहेरघर म्हणविणाऱ्या बंगळुरात ह्यावर फार गदारोळ झाला. रक्षणाची चौकी आणि जकातीचा नाका एकच असल्याची जुनी तक्रार ती हीच. गूगलच्या बाजूनेही म्हणण्यासारखे होते. बाजार उभारणे, लाखो ॲपे तपासणे आणि लबाडांना बाहेर ठेवणे ह्यास खर्च येतो, आणि बहुसंख्य ॲपांकडून कंपनी काहीच घेत नाही. परंतु खर्च भरून काढणे निराळे आणि दुसरा मार्गच न ठेवणे निराळे.

वाद भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेला. २० ऑक्टोबर २०२२ रोजी आयोगाने अँड्रॉइडच्या क्षेत्रातील वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि पाचच दिवसांनी बाजारातील पैसे घेण्याच्या सक्तीबद्दल ९३६.४४ कोटींचा दुसरा दंड ठोठावला. पहिल्या आदेशातील दोन कलमे येथे विशेष महत्त्वाची होती. दुसऱ्यांच्या ॲप-बाजारांना गूगलने आपल्या बाजारात जागा द्यावी, हे एक; आणि ॲप बाहेरून बसविण्याच्या वाटेत अडथळे आणू नयेत, हे दुसरे. २९ मार्च २०२३ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने पहिला दंड कायम ठेविला, परंतु ही दोन्ही कलमे आणखी दोन कलमांसह रद्द केली. दुसऱ्या दंडाची रक्कमही त्याच न्यायाधिकरणाने पुढे २०२५ साली कमी करून २१६.६९ कोटींवर आणली. थोडक्यात, द्वारपालाला दंड झाला. द्वार मात्र होते तसेच राहिले.

त्याचा प्रत्यय १ मार्च २०२४ रोजी आला. शुल्काच्या वादावरून गूगलने सुमारे दहा भारतीय कंपन्यांची ॲपे काढून टाकली. त्यांत विवाह जुळविणाऱ्या मुंबईच्या ‘शादी’ आणि चेन्नईच्या ‘भारत मॅट्रिमोनी’ ह्या संस्था होत्या, नोकऱ्या शोधून देणारे ‘नोकरी’ होते. सरकारने मध्यस्थी केली आणि चार-पाच दिवसांत ती परत आली. वराचे स्थळ पाहणारे आईबाप आणि नोकरीच्या शोधात असलेला पदवीधर ह्यांचा ह्या भांडणाशी काहीही संबंध नव्हता; तरी वेस बंद झाली तेव्हा बाहेर तेच उभे राहिले.

मग दुसरी पेठ का वसवू नये? हा विचार बंगळूरच्याच एका कंपनीने कृतीत आणला. मुंबईच्या आय.आय.टी.तून बाहेर पडलेल्या तरुणांनी भारतीय भाषांतून चालणारा फोन करावा म्हणून ‘इंडस’ नावाची प्रणाली सिद्ध केली होती. तिच्यासोबत ॲपांचा एक छोटा बाजारही होता. २०२२ साली बंगळूरच्या ‘फोनपे’ने ती संस्था आपल्याकडे घेतली आणि २१ फेब्रुवारी २०२४ रोजी ‘इंडस ॲपस्टोअर’ सर्वांसाठी खुले झाले. मराठीसह बारा भारतीय भाषांत ते पाहता येते. पहिले वर्षभर कारागिराकडून ॲप ठेवण्याचे शुल्क घेतले जाणार नव्हते, आणि पैसे कोणत्या व्यवस्थेतून घ्यावयाचे ह्याची निवड त्याच्यावर सोडली होती. परंतु एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. ह्या नव्या पेठेला जुन्या पेठेच्या वेशीतून प्रवेश नव्हता. ती उघडली तेव्हा तिच्यात जाण्यासाठी तिचे गाठोडे संकेतस्थळावरून उतरवून तीच दिंडी उघडावी लागे, किंवा फोन बनविणाऱ्याने ते आधीच बसवून द्यावे लागे. दिंडी नसती तर दुसरी पेठ वसलीच नसती. आणि पेठ वसविली म्हणजे ती चालतेच असेही नाही. ॲमेझॉनसारख्या बलाढ्य कंपनीने २०११ साली उघडलेला आपला बाजार अँड्रॉइड फोनांपुरता २० ऑगस्ट २०२५ रोजी बंद केला.

येथवर पाहता दिंडी ही स्वातंत्र्याची वाट वाटते. परंतु तिच्यातून चोरही येतात, आणि अलीकडे ते झुंडीने येऊ लागले आहेत. व्हॉट्सॲपवर एखादी लग्नपत्रिका येते, वाहतूक पोलिसांच्या दंडाची पावती येते, बँकेच्या केवायसीची सूचना येते. ती चित्र किंवा पत्र नसते. एपीकेचे गाठोडे असते. ते उघडले आणि विचारलेली परवानगी दिली, की फोनवर येणारे संदेश आणि त्यांतील ओटीपी तिसऱ्याच्या हाती जातात. आयुष्यभराची पुंजी काही मिनिटांत जाते. ह्यात फसणारा माणूस मूर्ख असतो असे नव्हे. दारावर आलेल्या पत्रिकेला अक्षता घेऊन सामोरे जावे, हा त्याचा संस्कार असतो. २०१७ साली आलेल्या अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीने ‘अनोळखी ठिकाणे’ ही एकच मोठी कळ काढून प्रत्येक ठिकाणासाठी वेगळी परवानगी मागण्यास प्रारंभ केला, ती सुधारणा चांगलीच होती. पण परवानगी मागणारा प्रश्न वाचल्यावाचून ‘होय’ म्हणण्याची सवय तिने मोडली नाही.

हेच कारण पुढे करून गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये नवी योजना जाहीर केली. ॲप कोणत्याही वाटेने येवो, त्याच्या कर्त्याने आपली ओळख कंपनीकडे पटविलेली असली पाहिजे. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड येथे आणि २०२७ पासून इतरत्र हा नियम लावावयाचा, असे तिने सांगितले. मुद्रेची जी मेख वर सांगितली ती काढण्याचा हा यत्न होय. एफ-ड्रॉइडच्या चालकांनी त्याला कडाडून विरोध केला. दिंडीवरही त्याच द्वारपालाचा माणूस बसला तर ती दिंडी कसली, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. नोव्हेंबरात कंपनीने थोडी माघार घेतली आणि जाणत्या वापरकर्त्यांना धोका पत्करून अनोळखी ॲप बसविण्याची मुभा ठेवू, असे सांगितले.

रक्षण हवे ह्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो रक्षकाचा. कर्त्याची ओळख पटविण्याचे काम जकात घेणाऱ्याकडेच असावे, की त्याहून निराळ्या, लोकांना उत्तरदायी असलेल्या एखाद्या व्यवस्थेकडे असावे? आपल्याकडे अशा व्यवस्थेचा अंकुर नाही असे नाही. केंद्र सरकारच्या सी-डॅक संस्थेने सरकारी ॲपांसाठी ‘मोबाइल सेवा’ हे भांडार पूर्वीच उभारले आहे. सायबर फसवणुकीची तक्रार घेण्यासाठी १९३० हा दूरध्वनी क्रमांक देशभर चालतो. युरोपीय संघाने २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना आपली दारे इतर बाजारांसाठी उघडण्यास भाग पाडणारा कायदा लागू केला आहे. हा विचार आपल्याकडे स्पर्धा आयोगाच्या आदेशापर्यंत येऊन थांबला. तो पुढे नेणे आता संसदेच्या आणि न्यायालयांच्या हाती आहे.

तोवर सामान्य माणसाने पेठेतला जुना शहाणपणा पाळावा हे बरे. बाहेरून आलेले गाठोडे कोणी पाठविले हे ठाऊक नसेल तर ते उघडू नये. बाहेरचेच हवे असेल तर ते कर्त्याच्या स्वतःच्या दुकानातून आणावे, चौथ्या हातून नव्हे. आणि पंचांग सांगणाऱ्या ॲपने संदेश वाचण्याची परवानगी मागितली तर त्याला वाटेला लावावे. दिंडी बुजवून टाकली म्हणजे चोरी थांबेल, ह्या समजुतीला इतिहासाचा आधार नाही. अधिकृत बाजारातही खोटी ॲपे शिरल्याची उदाहरणे वारंवार घडली आहेत. उलट दिंडी बुजविल्यावर द्वारपालाला जाब विचारण्याचे एक साधन मात्र नाहीसे होते.

हलसूरची वेस आता नाही. तिच्या जागी कोणाही येणाऱ्याजाणाऱ्याकडे जकात न मागणारे आणि कायद्याला बांधलेले पोलीस ठाणे आहे. रक्षणाचे काम जकातीपासून वेगळे व्हावयास त्या पेठेला बराच काळ लागला. खिशातल्या पेठेत ते काम अजून व्हावयाचे आहे.